रिपोर्ट खरा आहे, चमचा मोठा आहे

पत्र (थोडं आटोपशीर करून): गेले चार महिने मी रोज सकाळी समुद्री शेवाळाची पूड घेते. डब्यातला एक स्कूप, म्हणजे दहा ग्रॅम. हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून सुरू केलं. मुलगी चार वर्षांची आहे, वजन पंधरा किलो. तिच्या दुधात अर्धा स्कूप घालते. माझी नणंद केमिस्ट्री शिकवते. ती म्हणाली, "शेवाळ समुद्रातले जड धातू ओढून घेतं, हे काय चालवलंयस?" घाबरून विक्रेत्याकडून रिपोर्ट मागवला. शिसं ०.८, कॅडमियम ०.९, एकूण आर्सेनिक १२, पारा ०.०२ पेक्षा कमी, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलो. बाजूला पूरक आहारासाठीच्या युरोपीय मर्यादा छापल्या आहेत आणि खाली शिक्का आहे, 'सर्व घटक मर्यादेत'. नवरा म्हणतो, रिपोर्ट आला, विषय संपला, शिवाय जपानमध्ये लोक पिढ्यान् पिढ्या शेवाळ खातात. नणंद म्हणते, विष ते विषच. माझं वजन साठ किलो. कुणाचं ऐकू? आणि मुलीला इतके दिवस दिलं, त्याचं काय? प्रयोगशाळेच्या आकड्यांवर तरी किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

ताई, आधी मुलीचं सांगते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. आजपासून तिच्या दुधात ही पूड घालू नका. चार महिन्यांत घात झाला असेल असं मला वाटत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. पण उद्याचा अर्धा स्कूप नको.

आता रिपोर्ट. तुम्ही फोटो पाठवला ते बरं केलंत. मी बरीच वर्षं अन्नाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे असा कागद हातात आला की मी शिक्का सगळ्यात शेवटी बघते. तुमच्या रिपोर्टमध्ये मला खोटं काही दिसलं नाही. शिशाची मर्यादा ३.० आणि तुमचं ०.८. शेवाळापासून केलेल्या पूरक पदार्थांसाठी कॅडमियमची मर्यादाही ३.०, तुमचं ०.९. पाऱ्याची ०.१०, तोही खाली. शिक्का मारणाऱ्याने आपलं काम केलं आहे. घोळ आहे तो 'पूरक आहार' या दोन शब्दांत. पूरक म्हणजे गोळी, कॅप्सूल, दिवसाला ग्रॅम-दोन ग्रॅमच्या हिशेबाने घ्यायची वस्तू. एवढंसंच पोटात जाणार असेल तर किलोमागे तीन मिलिग्रॅम शिसं चालवून घेता येतं. त्याच युरोपीय नियमावलीत तीन वर्षांखालच्या मुलांच्या धान्याच्या तयार आहारासाठी शिशाची मर्यादा आहे ०.०२०. तीन कुठे आणि शून्य पूर्णांक शून्य दोन कुठे! दीडशे पटींचा फरक. बाळाचा आहार वाटीभर खाल्ला जातो आणि पूड चमचाभर, म्हणून दोन्ही आकड्यांची थेट तुलना करणं रास्त नाही, हे मान्य. पण तुमच्याकडे तर गोळीच्या मापाने मोजलेली वस्तू स्कूपने खाल्ली जाते आहे, आणि लेकराच्या दुधातही जाते आहे.

म्हणून मर्यादेचा रकाना झाका आणि पाटी-पेन्सिल घ्या. मिलिग्रॅम प्रति किलो आणि मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम हे एकच. म्हणजे शिसं ०.८ असेल तर एका ग्रॅममध्ये ०.८ मायक्रोग्रॅम. तुमच्या दहा ग्रॅमांत ८ मायक्रोग्रॅम. भागिले साठ किलो, झालं रोजचं किलोमागे साधारण ०.१३. मुलीच्या पाच ग्रॅमांत ४ मायक्रोग्रॅम, भागिले पंधरा, झालं ०.२७. तिचा स्कूप अर्धा, पण वजनाच्या मानाने तिच्या वाट्याला शिसं दुप्पट.

हे ०.२७ कशाशी ताडून बघायचं? पूर्वी शिशासाठी 'आठवड्याला एवढं चालेल' असा आकडा होता, शरीराच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये तो मागे घेतला. त्याच्या जागी नवा दिला नाही, कारण ज्याच्या खाली मुलांच्या मेंदूवर काहीच परिणाम होत नाही अशी पातळी सापडेना. त्याच वर्षी युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तुलनेसाठी एक खूण ठरवली, रोज किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. मुलांच्या बुद्ध्यांकात सरासरी एका गुणाची घट ज्या पातळीपासून दिसू शकते, तिची ही खालची कड. इथपर्यंत बिनधास्त, असा तिचा अर्थ नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत या खुणेच्या अर्ध्याहून जास्त वाटा एकटी ही पूड उचलते. उरलेल्या जेवणातून, पाण्यातून, धुळीतून येणारं शिसं वेगळंच. त्यात लहान मुलांचं आतडं आपल्यापेक्षा जास्त शिसं शोषतं. मोठ्या माणसात जेमतेम दहा टक्के आत जात असेल, तर मुलांमध्ये ते चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं, आणि वाढत्या हाडांना कॅल्शियमची भूक असतेच.

कॅडमियमचा हिशेब आठवड्याचा करतात, कारण तो धातू घाईत नसतो. मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि तिथला निम्मा साठा बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात वर्षानुवर्षं खाऊन लोकांची हाडं ठिसूळ झाली होती. त्या आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तिथलं प्रमाण फार मोठं होतं, तुमच्या डब्याशी त्याचा संबंध जोडू नका. पण कॅडमियम हळूहळू साठतं, ही खोड तीच. युरोपीय प्राधिकरणाची मर्यादा आठवड्याला किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम. तुमच्या पुडीतून तुम्हाला येतं १.०५, मुलीला २.१. दिसायला दोन्ही मर्यादेच्या आत. पण आपण काही फक्त पूड खाऊन राहत नाही. कॅडमियम धान्यात, पालेभाज्यांत, कंदमुळांत असतंच. युरोपातल्या सरासरी माणसाच्या नेहमीच्या जेवणातूनच आठवड्याला दोनच्या आसपास भरतं आणि मुलांचा, शाकाहारी लोकांचा आकडा त्याहून वर जातो. तुमच्या जेवणातला नेमका आकडा माझ्याकडे नाही, पण दोन धरून पूड मिळवली तर तुम्ही अडीचच्या पलीकडे आणि मुलगी चारच्या.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून गेलात. हिमोग्लोबिन कमी. शरीरात लोह कमी पडलं की आतडं लोह उचलणारे दरवाजे वाढवतं, आणि त्याच दारांतून कॅडमियमही जास्त आत शिरतं. म्हणजे ज्या कारणासाठी पूड सुरू केलीत, त्याच कारणामुळे ती तुम्हाला इतरांपेक्षा जास्त महागात पडते. लोहासाठी डॉक्टरांनी दिलेली साधी गोळी घ्या. तिच्यात किती लोह आहे हे तरी माहीत असतं.

आता आर्सेनिक. बारा हा आकडा बघून तुमच्या नणंदबाईंचे डोळे पांढरे झाले असतील, पण सगळ्यात कमी सांगणारा आकडा तोच आहे. 'एकूण आर्सेनिक' म्हणजे गर्दी मोजली, माणसं ओळखली नाहीत. असेंद्रिय आर्सेनिक विषारी, कर्करोगकारक. समुद्री जीवांमध्ये मात्र बरंचसं आर्सेनिक सेंद्रिय रूपात, म्हणजे कार्बनशी, बांधलेलं असतं. मासे-कोळंबीत आर्सेनोबिटेन, शेवाळात आर्सेनोशर्करा. त्यातलं पहिलं जवळजवळ निरुपद्रवी मानतात. दुसऱ्याबद्दल तितकी खात्री नसली तरी ते असेंद्रियाइतकं जहाल नक्कीच नाही. (हा 'सेंद्रिय' म्हणजे डब्यावर छापलेला 'सेंद्रिय' नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत फोनवर हे समजावता समजावता आमची पुरेवाट व्हायची. पाऱ्याच्या बाबतीत तर गणित उलटं आहे. तिथे माशांत साठणारा मिथाइल पारा, म्हणजे सेंद्रिय पाराच, जास्त घातक.)

तुमच्या दहा ग्रॅमांत एकूण १२० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे. त्यातलं एक टक्काच असेंद्रिय असेल तर किलोमागे ०.०२ मायक्रोग्रॅम. सगळंच असेंद्रिय असेल तर २. शंभर पटींचा फरक, आणि दोन्हींचा रिपोर्ट अक्षरशः एकच: 'आर्सेनिक १२'. युरोपीय प्राधिकरणाने २०२४ मध्ये असेंद्रिय आर्सेनिकसाठी तुलनेची खूण रोज किलोमागे ०.०६ इतकी खाली आणली. म्हणजे एका टोकाला तुम्ही तिच्या आत आहात आणि दुसऱ्या टोकाला तेहतीस पट बाहेर. हा फरक ठरतो शेवाळाच्या जातीवरून. हिजिकी नावाची जात असेंद्रिय आर्सेनिक साठवते. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ती खाऊच नका असा सल्ला दिला. नोरी, वाकामे यांत असेंद्रियाचा वाटा सहसा अगदी थोडा निघतो. तुमच्या डब्यावर काय छापलंय? मी फोटो मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. 'निवडक समुद्री शेवाळांचं मिश्रण'. निवडक म्हणजे कुठली, हे निवडणाऱ्यालाच ठाऊक.

अन्नाची सुरक्षितता तपासणारे लोक नेमके इथूनच सुरुवात करतात. युरोपात १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात खाल्ला न गेलेला पदार्थ 'नवं अन्न' ठरतो, आणि बाजारात आणण्याआधी त्याची छाननी होते. पहिला प्रश्न विषाचा नसतो, ओळखीचा असतो. जात कोणती, कुठे वाढवली, कशी वाळवली, पुडीत नक्की काय काय आहे. स्वतंत्रपणे बनवलेल्या किमान पाच बॅचचं पृथक्करण मागतात. एका बॅचवर विसंबून चालत नाही, कारण समुद्र काही एका रेसिपीने चालत नाही. तुमचा रिपोर्ट एका बॅचचा आहे, आणि त्यावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं.

मग वाटेल की उंदरांना खाऊ घालून बघायचं, सोक्षमोक्ष. रंग किंवा गोडवा देणाऱ्या रसायनाचं तसं करता येतं. माणसाला मिळेल त्याच्या शेकडो पट मात्रा प्राण्याला देऊन कुठे काय बिघडतं ते पाहतात, आणि बिघाड न दिसलेल्या मात्रेला सहसा शंभराने भागतात. पण अख्ख्या अन्नाला हे लागू कसं करणार? तुम्ही रोज दहा ग्रॅम खाता. त्याच्या शंभर पट म्हणजे एक किलो शेवाळ! उंदराच्या पोटात त्या प्रमाणात पूड कोंबली तर ते बिचारं इतर काही न खाता कुपोषणानेच आजारी पडेल, आणि दोष शेवाळाचा की उपासमारीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून अख्ख्या पदार्थाची तपासणी तुकड्या-तुकड्यांनी करतात. घटक, प्रक्रिया, ॲलर्जी, पोषणाचा तोल, आणि कोण किती खाईल याचा अंदाज. 'कोण' हा शब्द त्यात फार महत्त्वाचा. चार वर्षांचं मूल, गरोदर बाई, मूत्रपिंडाचा रोगी, यांच्यासाठी वेगळा हिशेब मांडतात.

प्रक्रियेचं महत्त्व किती, ते १९८९ मध्ये दिसलं. एल-ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पूरक म्हणून कितीतरी लोक निर्धास्त घेत होते. त्या वर्षी अमेरिकेत दीड हजारांहून जास्त लोक स्नायूंच्या भयंकर वेदनांनी आजारी पडले, काही दगावलेही. माग काढल्यावर बोट जाऊन टेकलं एकाच उत्पादकाच्या मालावर. तिथे तयार करण्याची पद्धत बदलली होती आणि मालात नको ते अंश आले होते. डब्यावरचं नाव आधीही तेच होतं आणि नंतरही तेच.

तुमच्या यजमानांच्या जपानच्या दाखल्यातही अशीच गफलत आहे. दाखला चुकीचा नाही, पूर्वापार खाण्याला तपासणीत खरोखर वजन देतात. पण कसं खाल्लं जातं तेही बघतात. तिथे शेवाळ भिजवतात, काही जाती उकळून पाणी फेकून देतात, आणि ताटात त्याचा वाटा लहान असतो. वाळवून, दळून, रोज दुधातून प्यायची चाल त्या इतिहासात कुठे आहे? इतिहास शेवाळाचा आहे, पुडीचा नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ती धातू नाही, आणि तुमच्या रिपोर्टमध्येही नाही. आयोडीन. तुम्ही जड धातूंच्या मागे लागलात आणि ज्याची शेवाळात रेलचेल असते ते मोजलंच गेलं नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. युरोपातली वरची मर्यादा मोठ्यांसाठी ६००, चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी २५०. केल्प गटातल्या वाळलेल्या शेवाळात एका ग्रॅमला काहीशे ते काही हजार मायक्रोग्रॅम असू शकतं. आपण बेताचं धरू, ग्रॅमला ५००. मुलीच्या पाच ग्रॅमांत झालं २५००, तिच्या वरच्या मर्यादेच्या दहा पट. आयोडीनचं वैशिष्ट्य असं की कमी पडलं तरी थायरॉइड बिघडतं आणि जास्त झालं तरी. मिश्रणात केल्प नसेलही, कदाचित हा आकडा अगदी किरकोळ निघेल. पण मला विचाराल तर आधी तिथे बघा, शिशाकडे नंतर.

डॉक्टरांकडे जाताना डबा बरोबर न्या. "आम्ही आयुर्वेदिक-बियुर्वेदिक काहीतरी घेतो" असं मोघम सांगू नका. शेवाळ, दहा ग्रॅम, चार महिने, मुलीला पाच, असं सांगा. दोघींची थायरॉइडची तपासणी त्यांना योग्य वाटली तर करून घ्या. मुलीच्या रक्तातलं शिसं बघायचं तर ती साधी तपासणी आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष देण्याची पातळी धरली आहे. चार मायक्रोग्रॅम रोज, चार महिने, एवढ्याने ती पातळी गाठली जाईल असं मला वाटत नाही, पण घरात जुना रंग किंवा आणखी काही स्रोत असेल तर तोही त्या निमित्ताने कळेल. कॅडमियमची मर्यादा तर पन्नास वर्षांच्या साठ्याचा विचार करून ठरवलेली आहे. चार महिन्यांची भर त्यात फार मोठी नाही.

लघवीतलं एकूण आर्सेनिक आत्ता मात्र तपासू नका. शेवाळातल्या आर्सेनोशर्करा शरीरात मोडल्या की त्यांचे तुकडे लघवीत उतरतात, आकडा फुगतो आणि तुमची झोप उडते. तपासायचंच असेल तर शेवाळ आणि मासे काही दिवस बंद ठेवून, आणि प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत. केसांच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. 'शरीरातले धातू बाहेर काढतो' म्हणणाऱ्यांच्या दारात तर पाऊलही टाकू नका. धातू बांधून बाहेर काढणारी औषधं खऱ्या विषबाधेसाठी असतात आणि ती आपल्याबरोबर शरीराला हवे असलेले धातूही ओढून नेऊ शकतात.

प्रयोगशाळेच्या आकड्यांवर तरी किती विश्वास ठेवायचा, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. बऱ्यापैकी ठेवा, डोळे उघडे ठेवून. एकदा आमच्याकडे एकाच मालाचे दोन नमुने आले. एकात निकेल आणि क्रोमियम भलतंच वर. आम्ही आम्लं बदलली, भांडी धुतली, यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की तो नमुना नव्या स्टीलच्या पात्यांच्या ग्राइंडरमध्ये दळला होता. पाती झिजत होती आणि आम्ही पदार्थाला दोष देत होतो. तेव्हापासून मी आकड्याआधी विचारते, नमुना दळला कशात? आणि '०.०२ पेक्षा कमी' म्हणजे शून्य नव्हे, त्यांच्या यंत्राला त्याखालचं दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ. पाऱ्याच्या बाबतीत इथे तेवढं पुरेसं आहे.

नणंदबाईंना माझा नमस्कार सांगा. शेवाळ धातू ओढतं हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. विष ते विषच, हे मात्र त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवू नये. अंशमात्र धातू सगळ्यांच्याच जेवणात असतात. सेलेनियमसारखा घटक तर थोडा हवाच असतो आणि जास्त झाला की केस गळायला लागतात.

तुम्ही स्वतः काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर डबा बाजूला ठेवला असता आणि विक्रेत्याला आजच लिहिलं असतं. शेवाळाच्या जातींची शास्त्रीय नावं आणि प्रत्येकीचं प्रमाण. असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजलेलं. आयोडीन. आणि हे सगळं माझ्या डब्यावरच्या बॅचचं. उत्तर आलं आणि आकडे बरे निघाले, तर चव आवडते म्हणून आठवड्यातून एक-दोनदा चिमूटभर जेवणात घालायला माझी हरकत नाही. उत्तरादाखल पुन्हा तोच शिक्का आला, तर डबा परत करा. काहीही उत्तर आलं तरी मला पाठवा, आणि तुमचा स्कूप एकदा खरंच वजनकाट्यावर ठेवून बघा. पूड दाबून भरली तर दहाचे चौदा सहज होतात.